शिकलगारांचं शटर

वामनच्या पत्राला उत्तर गेलं नव्हतं, त्याला पाच महिने होत आले होते. त्या दिवशी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर कोरं आंतरदेशीय पत्र पुढ्यात घेऊन बसलो होतो. 'प्रिय वामन' एवढं लिहून झालं होतं आणि पेनाचं टोपण दोनदा लावून दोनदा काढलं होतं. तेवढ्यात फाटकाशी लोखंडावर लोखंड आदळल्याचा आवाज झाला आणि पद्मा स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"आले शटरवाले. उठा आता. झालं का लिहून?"

"सुरुवात केलीय."

"सुरुवात तर तुम्ही संक्रांतीलाही केली होती."

मी पत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि चपला शोधू लागलो.

या गोष्टीला आता वीस वर्षं होऊन गेली. वामन नाही, दस्तगीर शिकलगारही नाहीत. त्या दिवशी जे पाहिलं ते मी कधी कुणाला नीट सांगितलं नाही. सांगायला घेतलं की वाटतं, ऐकणारा म्हणेल, यात काय विशेष, एक शटर तर बसवलं. तसं म्हटलं तर तेवढंच झालं.

वामन इनामदार आणि मी कोल्हापूरला वसतिगृहात चार वर्षं एका खोलीत राहिलो. पुढे तो कुरुंदवाडला वकिली करू लागला आणि मी मिरजेच्या एका कॉलेजात ग्रंथपाल झालो. भेटी कमी झाल्या, पण दिवाळीला पत्र चुकलं नाही. त्या वर्षी आलेलं पत्र मात्र त्याच्या अक्षरातलं नव्हतं. त्याच्या मुलीनं, सुमेधानं लिहिलं होतं, मजकूर त्याचा. त्यातला काही भाग मला अजून पाठ आहे.

'डोळ्यांचं काम संपलं. डॉक्टर म्हणतात, उरलंय ते जपा. उरलंय म्हणजे उजेड आणि अंधार. कपाटातलं पुस्तक मी हातानं चाचपून ओळखतो, पण पुढे त्याचं काय करायचं ते कळत नाही. सुमेधा दिवसभर शाळेत मुलांपुढे बोलते आणि संध्याकाळी माझ्यासाठी वाचते तेव्हा तिचा घसा बसलेला असतो. मला ते ऐकवत नाही. तू रविवारचा येऊन काही वाचून दाखवशील का? एस.टी. तासाभराची तर आहे.'

आणि अगदी खाली, त्याच्या स्वतःच्या हातानं, एका अक्षरावर दुसरं चढलेलं: 'येशील ना?' प्रश्नचिन्हाखालचा ठिपका कागदावर मावलेला नव्हता.

मी उत्तरं लिहिली नाहीत असं नाही, चांगली सहा-सात लिहिली. एकात माझे गुडघे होते, एकात पद्माचं ब्लडप्रेशर, एकात 'उन्हाळा सरला की बघू' असं होतं. कशातही धडधडीत खोटं नव्हतं. तरी पत्र चिकटवायची वेळ आली की हात थांबायचा आणि ते टेबलावरच्या शब्दकोशाच्या पानांत जाऊन पडायचं. न जाण्याचं खरं कारण मी पद्मालाही सांगितलेलं नव्हतं.

आता गॅरेजचं. आमच्या अभिनंदननं गाडी घेतली तेव्हा घराच्या बाजूला ते बांधलं. दोन वर्षांत त्याची पुण्याला बदली झाली, गाडी त्याच्याबरोबर गेली आणि गॅरेज उरलं. घरात न मावणारी माझी पुस्तकं मी तिथं नेऊन लावली. दार दोन फळ्यांचं, लाकडी. पहिल्याच पावसाळ्यात फुगलं, मग बिजागरी खाली आली, आणि उघडायचं म्हणजे खांदा लावून फळी उचलावी लागे. आधी मी रोज जायचो. मग दोन-चार दिवसांनी. पुढे पुढे वाटायचं, आज नको, उद्या जाऊ. त्या वेळेपर्यंत दीड वर्ष मी आत पाऊलही टाकलेलं नव्हतं. फळीच्या खालच्या कडेला वाळवीची माती दिसली तेव्हा पद्मानं माझं मत न विचारता, भावाच्या पिठाच्या गिरणीचं शटर ज्यांनी केलं होतं त्या दस्तगीर शिकलगारांना निरोप धाडला.

ते साठीचे असतील. बारीक अंगाचे, पांढरी कातरलेली दाढी, आणि एप्रिलच्या उन्हातही मनगटापर्यंत बटणं लावलेला निळा सदरा. बरोबर त्यांचा धाकटा भाऊ इलाही. तोही पंचेचाळिशीचा, पण तोंड अखंड चालू. दोघांनी टेम्पोतून पाइप, पट्ट्यांचे भारे आणि अवजारांची पेटी उतरवली. आधी जुन्या फळ्या काढायच्या होत्या. इलाहीनं पहारीनं बिजागरी उचकटली, फळी बाजूला केली आणि तो तसाच उभा राहिला.

दीड वर्षानं आत ऊन पडलं होतं. भिंतीभर पुस्तकं. खाली गठ्ठे, त्यांच्यावर धूळ.

"आयला! भाई, हे बघितलंस का?" इलाही म्हणाला. "वहिनी, हे गॅरेज हाय का शाळा?"

"त्यांनाच विचारा," पद्मा म्हणाली.

"सगळी वाचली काय ओ, मालक?"

"सगळी नाही... म्हणजे बरीचशी."

"मग वाचून झाल्यावर ठेवता कशाला?"

"तीस वर्षं मी हेच विचारतेय, इलाहीभाई," पद्मा म्हणाली. "तुम्हाला उत्तर मिळालं तर मलाही सांगा."

दोघं हसले. मीही हसल्यासारखं केलं. दस्तगीर मात्र आत जाऊन एका गठ्ठ्यापाशी वाकले होते. त्यांनी वरच्या पुस्तकाला हात न लावता नुसती फुंकर मारली.

"जुन्या चादरी असतील तर द्या," ते मला म्हणाले. "ड्रिलची धूळ बारीक असते. पानांत गेली की निघत नाही."

चादरी त्यांनी स्वतः घातल्या, आणि कोपरे गठ्ठ्यांखाली खोचले, अंथरूण घालावं तसे. मी विचारलं, "शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे ना?"

"आजा तलवारी घासायचा. वडलांच्या वेळेला तलवारी गेल्या, अडकित्ते नि कात्र्या राहिल्या. माझ्या वाट्याला हे आलं." त्यांनी बोटानं बाहेरच्या पट्ट्या दाखवल्या. "लोखंड तेच हाय."

मी आत जाऊन पत्र लिहावं असं ठरवलं होतं, पण गेलो नाही. एका उलट्या बादलीवर बसून बघत राहिलो. हातानं काम करणाऱ्या माणसांपुढे मला नेहमीच थोडं अपराधी वाटतं. आपण आयुष्यभर नुसती पानं उलटली असं काहीतरी. पण तिथून उठवेनाही.

दोन्ही बाजूंना उभ्या खाचा बसवायच्या होत्या, ज्यांतून शटर वरखाली सरकतं. दस्तगीरांनी ओळंबा सोडला. तो स्थिर होईपर्यंत ते स्वतःही हलले नाहीत. मग म्हणाले, "सूतभर बाहेर हाय."

"सूतभरानं काय होतंय, भाई!" इलाही म्हणाला. "ऊन बघ की डोक्यावर."

"काढ."

त्यानं बोल्ट काढले. पुन्हा बसवले. पुन्हा ओळंबा. तीनदा झालं. तिसऱ्यांदा इलाहीनं माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. "आमच्या भाईनं लगीन पण असंच केलं, मालक. सात घरं ओळंबा लावून बघितला. आठव्या घरानं याला ओळंबा लावला."

"बोलत बोलत बोट चिरडून घेशील," दस्तगीर म्हणाले, आणि त्यांच्या दाढीत हसू दिसलं.

मग वरचा पाइप चढवला. त्याच्या पोटात स्प्रिंगा होत्या. आणि मग पट्ट्या. एकीची कड दुसरीच्या वळलेल्या कडेत बाजूनं सरकवायची, की दोघी एकमेकींत अडकतात आणि तरी वळू शकतात. इलाही सरकवत होता, दस्तगीर वर घेत होते. सरर् असा आवाज यायचा आणि लोखंडाचा तो पडदा एका पट्टीनं वाढायचा. दुपार होईतो तो जमिनीला टेकला. एवढं कडक, आणि गोधडीसारखं घडी पडणारं. मी उठून त्याला हात लावला.

"उचला बघू," दस्तगीर म्हणाले.

मी खालच्या पट्टीला दोन्ही हातांनी धरून ओढलं. ते जागचं हललंही नाही. मी घाईनं हात सोडला.

"नाही हलणार. स्प्रिंगांना अजून पीळ दिलेला नाही. शंभर किलोच्या वर हाय ते." ते शिडीवर चढत म्हणाले. "आणि हे वजन हाय तेवढंच राहणार. कमी कुणाला करता येत नाही."

"मग?"

"मग बघा."

त्यांनी आणि इलाहीनं वरच्या दांड्याला लांब लोखंडी पाने लावून तो फिरवायला सुरुवात केली. आतून स्प्रिंगा करकरल्या. थोडा वेळ फिरवून, दांडा पक्का करून ते खाली उतरले.

"रोज कोण उघडणार दार?"

"हेच," पद्मा म्हणाली. "मला काय काम तिथं?"

"मग या, मालक. पहिल्यांदा मालकानं उचलायचं."

"तुम्हीच उचला ना," मी म्हणालो. "तुम्ही केलंय."

"मी उचलून काय उपयोग? माझा हात लोखंडाचा झालाय. ज्याचा हात, त्याच्यापुरता पीळ. या."

तिघं बघत होते. मला माझ्या हडकुळ्या हातांची लाज वाटली. मी वाकलो, ओढलं. या वेळी ते हललं. गुडघ्यापर्यंत आलं, कमरेपर्यंत आलं, आणि तिथं माझ्या उजव्या खांद्यात कळ आली. ती मी गिळली, दम रोखला आणि कसंबसं डोक्याच्या वर ढकललं.

"छान!" मी म्हणालो. "अगदी हलकं झालंय."

"झालं तर," इलाही म्हणाला. "चल भाई, डबा खाऊ."

दस्तगीर माझ्याकडे बघत होते. चेहऱ्याकडे नव्हे, मनगटाकडे. "खाली घ्या. परत उचला."

मी परत उचललं. या खेपेला श्वास तोंडानं येऊ लागला तो लपवायला मी पाठ फिरवली.

"उत्तम आहे," मी पुस्तकांकडे तोंड करून म्हणालो. "काहीच तक्रार नाही."

मी वळलो तर दस्तगीर उंबऱ्यावर बसले होते. खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी हात पुसले.

"मालक," ते म्हणाले, "तुम्ही मला खोटं का सांगता?"

पद्मानं माझ्याकडे पाहिलं.

"शीर अशी उभी राहिली मनगटाची. पाठ वाकली. आणि तोंड म्हणतंय हलकं."

"तुम्ही सकाळपासून राबताय," मी पुटपुटलो. "पुन्हा वर चढायचं, जेवायची वेळ झालीय... चालेल मला. सवय होईल."

"नाही होत सवय." आवाज चढला नव्हता, तरी मला शाळेत उभं केल्यासारखं वाटलं. "अशी दारं मी लई बघितलीत. मालक भिडस्त असतो. छान म्हणतो, चहा पाजतो, आम्हाला निरोप देतो. मग आधी अर्धंच उघडून वाकून आत जातो. मग आठवड्यातनं एकदा. मग कधीच नाही. वर्षानं मी त्या रस्त्यानं जातो तर शटरला गंज, खाली पाचोळा. लोक म्हणतात, शिकलगारानं दार बिघडवलं. दार कुठं बिघडलंय? पहिल्या दिवशी एक माणूस खरं बोलला नाही, बस्स."

इलाहीनं सोडायला घेतलेला डबा पुन्हा बाजूला ठेवला.

आणि त्या वेळी, गॅरेजच्या तोंडाशी, भर दुपारी, मला कोल्हापूरची ती संध्याकाळ आठवली. खरं म्हणजे आठवली नाही; ती पाच महिने समोरच होती.

वसतिगृहात वामन वाचायचा. नाटक, कादंबरी, काहीही. त्याच्या आवाजात माणसं उभी राहायची. संध्याकाळी आमच्या खोलीत पोरं दाटीवाटीनं बसत, दारात उभी राहत, आणि मी त्याच्या खाटेच्या पायथ्याशी. एकदा त्याला ताप भरला. गोष्ट ऐन रंगात आलेली. त्यानं पुस्तक माझ्या हातात दिलं, "आज भूपाल वाचेल." मी वाचू लागलो. मान वर करायचा धीर नव्हता. दहा-बारा पानं वाचून झाल्यावर वर बघितलं तर खोली रिकामी होती. एकेक जण पाय न वाजवता निघून गेला होता. फक्त वामन, तापानं लाल झालेला, डोळे मिटून पडलेला. "छान वाचलंस, भूपाल," तो म्हणाला.

त्यानंतर मी कुणासमोर मोठ्यानं एक ओळ वाचलेली नाही. अभिनंदन लहान असताना गोष्टीही पद्मानंच वाचल्या. ग्रंथालय मला मानवलं त्याचंही कारण तेच असेल. तिथं सगळेच हळू बोलतात. आणि वामनचं ते 'छान' मी चाळीस वर्षं भिडेचं धरून चाललो होतो. आता त्याच माणसाला वाचून दाखवायचं, ज्याच्या कानात स्वतःचा तो आवाज असेल. आणि तो तर उठून जाऊही शकणार नाही. तो पुन्हा 'छान' म्हणेल, दर रविवारी म्हणेल, हे मला सोसणार नव्हतं.

"जड आहे," मी म्हणालो.

"किती?" दस्तगीरांनी लगेच विचारलं.

"खूप. खांद्यात कळ येते. मला..." पद्मा ऐकत होती, पण आता थांबता येईना. "मला उघडायची भीती वाटते."

दस्तगीर उठले. त्यांचा चेहरा खुलला होता, जणू सकाळपासून ते याच एका वाक्यासाठी खोळंबले होते.

"आता कसं बोललात! आता काम करता येतंय."

त्यांनी शटर छातीइतक्या उंचीवर घेऊन खाली दोन लाकडी टेकू दिले आणि मला समोर उभं केलं. "दोन्ही हात पट्टीखाली घाला. टेकू काढला की वजन तुमच्या हातावर येईल. भिऊ नका, मी वर हाय. मी फिरवीन, तुम्ही सांगायचं. फक्त खरं सांगायचं." मग इलाहीकडे बघून म्हणाले, "आता तोंड बंद."

"का?" पद्मानं हळूच विचारलं.

"पाना निसटला तर स्प्रिंग उलटी फिरती, वहिनी," इलाही म्हणाला. "मनगट जातंय." तो एवढं बोलून शिडीच्या दुसऱ्या बाजूला चढला, आणि दिवसभरात पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती.

त्यांनी दांड्याची पकड सैल केली. आता ती सगळी ओढ दोघांच्या हातांत आली होती. दस्तगीरांच्या सदऱ्याची बाही मागे सरकली तेव्हा मला त्यांचा डावा हात दिसला. मनगटापासून कोपरापर्यंत जुनी, रुंद, पांढरी खूण. एप्रिलमध्ये बटणं का लावलेली ते मला कळलं, आणि तेवढ्यात पद्मानं टेकू काढले.

वजन हातावर आलं.

"सांगा."

"जड."

वर पाना पाव वेढा फिरला. स्प्रिंग करकरली.

"सांगा."

"जडच आहे."

आणखी पाव. दस्तगीरांनी डोळे मिटले होते. पान्याच्या दांड्यातून त्यांना काय कळत होतं कोण जाणे. ते माझं उत्तर ऐकत होते आणि त्याआधीच मान हलवत होते.

"सांगा."

"थोडं... कमी झालं."

"किती थोडं? मला वाईट वाटेल म्हणून सांगू नका."

"थोडंच. अजून खांद्याला लागतंय."

"हां."

आणखी पाव वेढा. आणि मग ते झालं, आणि त्यासाठी माझ्याकडे आजही शब्द नाहीत. मी हात हलवले नव्हते. पडद्यातली एक पट्टीही कुणी काढलेली नव्हती. सगळं शंभर किलो लोखंड माझ्या डोळ्यांसमोर जसंच्या तसं लोंबत होतं, आणि माझ्या तळव्यांवरून ते हळूहळू निघून जात होतं, झोपलेल्या मुलाला कुणी आपल्या हातांतून अलगद उचलून घ्यावं तसं. आधी खांदा मोकळा झाला. मग कोपर. मग मनगट. शेवटी बोटांच्या टोकांवर नुसता गारवा उरला.

"सांगा, मालक."

मी बोटांकडे बघत राहिलो.

"अहो, सांगा ना!" पद्मा म्हणाली. "त्यांचा हात अडकलाय वर!"

"बस," मी म्हणालो. "हे माझं आहे."

असं का म्हणालो माहीत नाही. दस्तगीरांनी डोळे उघडले, इलाहीनं दांडा पक्का केला आणि दोघांनी एकदम श्वास सोडला.

"आता हात काढा," ते वरूनच म्हणाले.

"पडेल ना!"

"काढा."

मी हात काढले. ते पडलं नाही. वरही गेलं नाही. जमीन आणि छत यांच्या मधोमध, माझ्या छातीइतक्या उंचीवर, तसंच थांबून राहिलं. कुणी धरलं नव्हतं. मी दोन बोटं लावली तर आवाज न करता वर गेलं आणि गुंडाळलं गेलं. एका बोटानं खाली ओढलं तर आलं. मी पुन्हा वर केलं. पुन्हा खाली. चौसष्ट वर्षांचा माणूस तिथं काय करतोय हे बघायला समोरचे जोशी फाटकापर्यंत आले तरी मी थांबलो नाही.

"आणखी एक वेढा दिला असता तर?" पद्मानं विचारलं.

"तर आपोआप वर पळालं असतं, आणि यांना लोंबकळून खाली घ्यायला लागलं असतं," दस्तगीर पंच्यानं मान पुसत म्हणाले. "ते बी वाईटच. यांनी खरं सांगितलं म्हणून जमलं. मला काय, आतलं दिसतंय थोडंच."

पद्मानं उंबऱ्यापाशी नारळ फोडला आणि खोबरं सगळ्यांना दिलं. दोघा भावांनी दारातच बसून डबे खाल्ले. पद्मानं लोणचं नेऊन दिलं तेव्हा इलाहीचं तोंड पुन्हा सुरू झालं होतं. जाताना तो म्हणाला, "मालक, आता पुस्तकं रोज बघायची, काय? नाहीतर भाई रस्त्यानं जाताना बघतंय. पाचोळा दिसला तर आत येऊन भांडंल."

टेम्पो गेला. मी चादरी काढल्या. गॅरेजभर दुपारचं तिरपं ऊन होतं. बादलीवर बसून मी खिशातलं पत्र काढलं, एक जाड पुस्तक मांडीवर घेतलं, आणि 'प्रिय वामन'च्या पुढे लिहायला लागलो. या वेळी पेनाचं टोपण कुठं गेलं ते पाहिलंही नाही.

'प्रिय वामन, तुझं पत्र येऊन पाच महिने झाले. गुडघे, ब्लडप्रेशर, ऊन, सगळं लिहून पाहिलं. ते शब्दकोशात पडून आहे. खरी गोष्ट अशी की मला मोठ्यानं वाचणं जड जातं. फार जड जातं. तुला ताप होता त्या संध्याकाळी मी वाचलं आणि सगळे उठून गेले. तू छान म्हणालास. ते तू भिडेनं म्हणालास असं मी धरलं. खरंही म्हणाला असशील, मी कधी विचारलं नाही. आता विचारायला येतो आहे. या रविवारी पहिल्या गाडीनं. मला तुझ्यासारखं येत नाही. माझा आवाज सपाट आहे आणि दोन पानांनंतर कोरडा पडतो. ऐकवेनासं झालं तर 'पुरे' म्हण. छान नसेल तर छान म्हणू नकोस, म्हणजे मला पुढच्या रविवारी यायला सोपं जाईल.

सुमेधा, हे तुला मोठ्यानं वाचावं लागणार याची मला लाज वाटते आहे. तरी वाच. काही गाळू नकोस.

तुझा, भूपाल.'

पद्मा चहा घेऊन आली. तिनं कप गठ्ठ्यावर ठेवला आणि पत्राकडे पाहिलं.

"गुडघ्यांचं लिहिलंत?"

"नाही."

"मग काय लिहिलंत?"

मी पत्र तिच्यापुढे धरलं. तिनं चष्मा आणला नव्हता. ती म्हणाली, "वाचा ना."

मी वाचलं. सगळं, खाली सुमेधाला लिहिलं होतं तेही. आवाज दोनदा फाटला. पद्मा उभी होती ती तशीच उभी राहिली. वाचून झाल्यावर तिनं छान म्हटलं नाही. पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "टपाल पाचला काढतात. पावणेपाच होत आलेत."

मी पत्राच्या कडा चिकटवल्या, पत्ता घातला आणि शटर तसंच उघडं ठेवून निघालो. कोपऱ्यावरच्या पोस्टाशी पोहोचलो तेव्हा पोस्टमन पेटीला किल्ली लावत होता. "द्या इकडं, काका," तो म्हणाला. "पेटीत कशाला टाकता आता?"

"नाही," मी म्हणालो, "टाकू द्या."

तो किल्ली धरून थांबला. मी पत्र पेटीच्या तोंडात घातलं, सोडलं, आणि कुरुंदवाडची पहिली गाडी किती वाजता सुटते ते विचारायला तसाच स्टँडकडे चालू लागलो.